लाटण्याची कावीळ

गुरुवारी सकाळी आठलाच मारुतीच्या देवळापुढे चपलांचा असा ढीग पडला होता की पुजाऱ्याला आत जायला वाट उरली नव्हती. घोडेगावाकडून टेम्पो भरून माणसं आली होती, जुन्नरकडून दोन जीपा आल्या होत्या. चहाची टपरी, भेळेची गाडी, फुगेवाला, सगळं हजर. पाहणाऱ्याला वाटावं, आमच्या धामणदऱ्यात काविळीची साथ नाही, काविळीची जत्रा भरली आहे.

देवळाच्या ओट्यावर पिवळे महाराज बसले होते. पिवळी कफनी, पिवळा फेटा, पुढ्यात पितळी परात. रोग्याने परातीवर हात धरायचे. महाराजांचा चेला तांब्यातला तपकिरी रस त्या हातांना कोपरापर्यंत चोळायचा. त्याचं नाव 'जडीचा रस'. मग महाराज पांढऱ्या कॅनमधून हातांवर पाणी सोडायचे. त्याचं नाव 'तीर्थ'. तीर्थ कॅनमधून पडताना नितळ असायचं, आणि हातांवरून परातीत उतरताना हळदीसारखं पिवळंधमक व्हायचं.

"उतरली! उतरली!" गर्दी ओरडायची. पुढच्या रांगेतल्या दोन-चार बाया पदर तोंडाला लावून रडायच्याच.

"बघा भक्तजनहो, रक्तातलं विष बाहेर आलं!" महाराज हात उंचावून म्हणायचे. "खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या बघितल्या का? सरकारनं एवढा खर्च करून उभ्या केल्या. त्या काय करतात? आकाशातलं ऐकतात. आमी रक्तातलं ऐकतो. आन ते बी बिगरविजेचं! भीमाशंकरच्या रानात बारा वर्षं एका पायावर उभं राहून ही विद्या घेतलीय."

"कंच्या पायावर, म्हाराज?" मागून कोणीतरी विचारलं.

"शंका घेणाऱ्याची कावीळ उतरत नाही," महाराज म्हणाले.

उपचार तीन गुरुवारांचा. पहिल्या गुरुवारी पाणी गडद पिवळं, दुसऱ्या गुरुवारी फिकं, तिसऱ्या गुरुवारी स्वच्छ. म्हणजे माणूस बरा. पथ्य एकच, पण कडक: मधल्या काळात डॉक्टरकडे जायचं नाही. सुई टोचली की कावीळ आत पळते म्हणे, आणि आत पळालेली कावीळ महाराजांच्याही हाताला लागत नाही. महाराज पैशाला शिवत नसत. फक्त तांदूळ घेत, तोही शिधा म्हणून. शिधा चांगला इंद्रायणीचा लागे, कारण देवाला वास आवडतो.

ज्याला उठवत नाही त्याचीही सोय होती. त्याच्या रोजच्या हातातली वस्तू आणायची. म्हातारे सयाजीबाबा अंथरुणाला खिळलेले, तर त्यांची काठी आणली होती. काठीला रस चोळला, तीर्थ सोडलं, आणि काठीतून पिवळं पाणी आलं! त्या दिवसापासून गावात महाराजांविषयी वाईट बोलायची कोणाची छाती नव्हती.

हे दोन हजार एक सालच्या भाद्रपदातलं. मी तेव्हा गावच्या आरोग्य उपकेंद्रात अर्धवेळ परिचर होते. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा आणि वेळ पूर्ण. झाडलोट, सुया उकळणं, लसीकरणाच्या दिवशी पोरं गोळा करणं, आणि आलेलं टपाल नीट रचून ठेवणं. त्या टपालात दर महिन्याला एक पातळसं वार्तापत्र यायचं. वर छापलेलं असायचं, 'साथरोग वार्ता: विभागातील वैद्यकीय अधिकारी व खासगी डॉक्टरांसाठी'. कुठल्या तालुक्यात कसला ताप, कुठे गॅस्ट्रो, कुठे कावीळ, आणि डॉक्टरांनी काय करावं, असं सगळं त्यात असे. आमच्या डॉक्टर अर्शिया मॅडम जुन्नरच्याच. सव्वीस-सत्तावीस वर्षांची हुशार मुलगी, पण तिच्या एका अंगावर चौदा गावं. ते पत्रक उघडायला तिला वेळ नव्हता, आणि न उघडायला मला कारण नव्हतं. सातवीपर्यंतची शाळा झालेली मी, अडलेले शब्द पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवायची आणि मॅडम आल्या की विचारायची. पहिल्यांदा मॅडम हसल्या. नंतर त्याच मला विचारायला लागल्या, "प्रयागताई, या महिन्यात काय म्हणतंय पत्रक?"

त्या महिन्यात पत्रक दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीविषयीच बोलत होतं. बहुतेक जणांची ही कावीळ तीन-चार आठवड्यांत आपोआप बरी होते, असं त्यात लिहिलं होतं. वाचून मी मनात म्हटलं, तीन गुरुवारांचा हिशेब कोणी कोणाकडून घेतला ते कळलं. पण त्याखाली चौकट होती, आणि ती मी दोनदा वाचली. गर्भवती बाईला ही कावीळ झाली तर ती जिवावर बेतू शकते. एक दिवसही घरी न ठेवता मोठ्या रुग्णालयात पाठवावं. शेजारच्या तालुक्यात अशी एक बाई उशिरा आणल्यामुळे गेली, हे एका ओळीत लिहिलं होतं. एका ओळीत.

महाराजांची विद्या मला त्याआधीच खटकली होती, पण बोट ठेवता येत नव्हतं. ते ठेवून दिलं सावळाराम पानवाल्याने. आठवडे बाजारात त्याच्याकडून मिसरी घेताना तो म्हणाला, "आक्का, तुमचं म्हाराज पान खात्यात का वो?"

"नाही बाई. तंबाखूलासुद्धा शिवत नाहीत. का रे?"

"मंग त्यांचा चेला दर बुधवारी येवढा चुना कशाला नेतो? देऊळ रंगवायचंय का काय!"

चुना म्हटल्यावर माझं डोकं चालायला लागलं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे ज्या बाईने कधी घरी कुंकू केलं तिला कोणी शिकवायला नको. चुना रंग बदलतो. मग त्या तपकिरी रसाचा रंग कशात बदलत असेल? देवळामागच्या आंब्याकडे गेले, तर मागच्या बाजूची साल पुरुषभर उंचीपर्यंत सोललेली! थोडी साल मीही खरवडून आणली, ठेचून रस काढला. चुना पाण्यात कालवला, तो खाली बसू दिला आणि वरची नितळ निवळी घेतली. हात कोणाचे? घरात आमचे मालकच होते. त्यांना म्हटलं, जरा हात पुढे करा. रस चोळला, निवळी ओतली.

"अगं प्रयागे!" ते ओरडले. "मला कावीळ झाली की!"

त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. दोन दिवस ते आरशात डोळे बघत होते.

आता त्या गुरुवारच्या सकाळकडे परत येते. लसीकरणाचा दिवस म्हणून मॅडम जीप घेऊन आठलाच आल्या होत्या. मी खालच्या आळीत पोरं गोळा करायला गेले, तर नळाजवळ ठमाआत्याची सून आरती भिंतीला धरून उलट्या करत होती. सातवा महिना. मान वर केली तेव्हा तिचे डोळे पाहिले. पिवळे. नवरा, आदेश, चाकणच्या कंपनीत; सुट्टीलाच घरी यायचा. तिच्यामागे जी काही माया, जो काही धाक, तो सगळा सासूचा.

मी मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, आत्ताच निघायला हवं. पुण्याला. जीप आहे."

ठमाआत्या दारात आडवी उभी राहिली. साठीची, उंच, तोंडात पान.

"ती कुठं जात न्हाई. आज गुरवार हाय. म्हाराजांचं तीन गुरवार होऊ दे, मंग पुणं, मुंबई, काशी, म्हनशील तिथं न्या."

"आत्या, तीन गुरुवार तिच्याकडे नाहीत."

"माझी थोरली जाऊ आशीच जीपमधनं मोठ्या दवाखान्यात गेली व्हती. परत आली ती झाकलेली." ठमाआत्याने दाराची चौकट धरली. "दवाखान्यात माणूस मरतं, प्रयागे. म्हाराजांकडं आजून कुनी मेलं न्हाई."

ती मूर्ख नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला पत्रक वाचून दाखवून उपयोग नसतो. मला घरात चुलीवरच्या फळीवर तिचं लाटणं दिसलं.

त्या लाटण्याविषयी सांगायला हवं. आमच्याकडे रोजचं खाणं भाकरीचं, लाटणं निघतं सणाला. ठमाआत्याची पुरणपोळी म्हणजे पंचक्रोशीत नाव. लाटणं तिच्या आईचं, सागवानी, झिजून मधे गुळगुळीत झालेलं. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तिला खपत नसे. तीन वर्षांत सुनेने ते एकदाही उचललं नव्हतं. पोळपाट पुसायची परवानगी होती, लाटणं पुसायची नव्हती.

मी म्हटलं, "आत्या, पैज लाव. आरतीला चालवत नाही, तर तिची वस्तू म्हणून तुझं लाटणं महाराजांकडे ने. लाटण्याला तिचा हात लागलाय का कधी?"

"लागला आसता तर तिचा हात ऱ्हायला आसता का?"

"मग त्यातून पाणी स्वच्छच यायला हवं ना? स्वच्छ आलं तर महाराज खरे. मी पुन्हा या घरात तोंड उघडणार नाही. पिवळं आलं तर आरतीला तेव्हाच जीपमध्ये बसवायचं. बोल."

ठमाआत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला लई शानपन आलंय कागदं वाचून," ती म्हणाली. पण लाटणं फळीवरून काढलं, पदरात गुंडाळलं आणि निघाली. जाता जाता आरतीला म्हणाली, "बस गं. आलेच. आन पानी पी जरा."

"उकळलेलं," मॅडम म्हणाल्या, आणि आरतीजवळच बसून राहिल्या. जीपचा ड्रायव्हर दारातच.

देवळापुढे आम्ही गर्दीतून वाट काढली. सरपंच गेणभाऊ पहिल्या रांगेत, मांडी घालून. ठमाआत्याला पाहून सगळ्यांनी जागा दिली. तिला जागा न देण्याची हिंमत गावात कोणात नव्हतीच.

"म्हाराज, सून गरवार हाय. कावीळ झालीया. उठवत न्हाई तिला. तिची वस्तू आनलीया."

"आणा माय, आणा." महाराजांनी लाटणं दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले, लाटण्याला कान लावला. "अहाहा! ऐकू येतंय. लई कष्टाळू पोर. ह्या लाटण्यात तिचा जीव उतरलाय."

ठमाआत्याची भुवई वर गेली. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर हसले असते.

चेल्याने रस चोळला. महाराजांनी तीर्थ सोडलं. परात पिवळीधमक झाली. गर्दी "उतरली!" म्हणून ओरडणार, तोच महाराजांनी हात वर केला.

"थांबा! ही साधी कावीळ नव्हं. दोघांची हाय, आईची आन पोटातल्याची. तीन नाय, पाच गुरुवार लागतील. या पोरीला घराबाहेर काढू नका. दवाखान्याचं नावसुद्धा घेऊ नका."

"म्हाराज," ठमाआत्या अगदी शांतपणे म्हणाली, "ही कावीळ नक्की माझ्या सुनंची का?"

"लाटणं खोटं बोलत नाही, माय. तिच्या हाताचा गुण लाटण्यात उतरतो."

"आरं मेल्या!" ठमाआत्या कडाडली. कबुतरं उडाली देवळावरची. "ह्या लाटन्याला माझ्या सुनंनं आजपतुर बोट लावलं न्हाई! मी लावूच देत न्हाई! गावाला इचार!"

"खरं हाय," मागून दोन बाया एकदम म्हणाल्या. "आमाला बी लावू देत न्हाई."

महाराज क्षणभरच गडबडले. धंद्यात मुरलेला माणूस. "मग माय, ही तुमचीच कावीळ. लपलेली. बरं झालं वेळेवर आलात."

"माझी?" ठमाआत्याने परातीतल्या पाण्याकडे पाहिलं, मग कॅनकडे. कॅन उचलला, तीर्थात बोट बुडवलं, जिभेला लावलं. चाळीस वर्षं पान खाणारी जीभ. तिला एक क्षण पुरला.

"ह्यो चुना हाय," ती म्हणाली. "गेणभाऊ, चाखून बघ. निव्वळ चुन्याची निवळी!"

आणि मी काही बोलायच्या आत तिने कॅनमधलं उरलेलं तीर्थ थेट चेल्याच्या तांब्यात ओतलं आणि तांब्या परातीवर उपडा केला. पिवळ्या पाण्याचा लोंढा परातीतून ओट्यावर आला.

"घ्या," ठमाआत्या म्हणाली. "लाटन्याला झाली, आता तांब्यालाबी कावीळ झाली! बोला, तांब्याला किती गुरवार?"

आधी एक पोरगं हसलं. मग भेळवाला. मग सगळं देऊळ. गेणभाऊंनी आपले हात पुढे करून पाहिले, मागे घेतले, आणि शेवटी तेही हसले.

मी ओट्यावर चढून सांगितलं ते दोन-चार वाक्यांत. तांब्यात आंब्याच्या सालीचा रस आहे, हवं तर देवळामागचं झाड बघून या. कॅनमध्ये चुन्याची निवळी आहे. दोन्ही भेटले की पिवळं होतं; हात असो, काठी असो, लाटणं असो. दर गुरुवारी रसात थोडं थोडं साधं पाणी वाढवत गेलं की रंग फिका होत जातो. आणि माणूस बरा होतो तो आपला आपण, कारण बहुतेकांची ही कावीळ तेवढ्या दिवसांत जातेच. कोंबडा न आरवताही उजाडतं. पण गरवार बाईची गोष्ट वेगळी, तिला दवाखाना लागतो, आणि लागतो तो आजच.

बोलून मागे वळले तर ठमाआत्या ओट्यावर नव्हतीच. लाटणं पदरात घेऊन ती घराकडे चालत नव्हती, पळत होती.

जीपमध्ये ती आरतीशेजारी बसली. पुण्याला कधी न गेलेली बाई. निघताना खिडकीतून मला म्हणाली, "प्रयागे, म्हशीला पेंड घाल. आन गेणभाऊला म्हनावं, त्या पिवळ्याला गावाबाहेर घाल. मी आल्यावर घालीन तर त्याला लई लागंल."

सरपंचांवर ती वेळ आली नाही. महाराज दुपारच्या आतच एका टेम्पोत बसून गेले. तांदूळ मात्र राहिला. तो बालवाडीच्या खिचडीला गेला, आणि खिचडी फार सुवासिक झाली.

गावाची कावीळ मात्र टेम्पोत बसून गेली नव्हती. पत्रकात लिहिलं होतं, रोग्यांची घरं नकाशावर मांडा आणि त्यांचं पाणी शोधा. पल्स पोलिओसाठी काढलेला गावचा नकाशा माझ्याकडे होता. मी आणि मॅडमनी त्यावर कुंकवाचे ठिपके दिले, एका घराला एक. सगळे ठिपके खालच्या आळीत. वरची आळी विहिरीचं पाणी पिते. तिथे एकही नाही. खालच्या आळीची पाइपलाइन ओढ्याजवळ गटारातून जाते. गेणभाऊंनी तिथे खणायला लावलं, तर पाइपाचा सांधा उघडा, आणि नळ बंद झाला की गटारातलं पाणी आत. सगळ्या गावाने नाक धरून ते पाहिलं. सांधा बदलला, टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर पडायला लागली, घराघरात पाणी उकळायला लागलं. पुढच्या महिन्यात नव्या ठिपक्यासाठी कुंकू लागलं नाही.

हां, एक ठिपका नकाशाबाहेरचा होता. साधारण दोन आठवड्यांनी आमच्या उपकेंद्राच्या रांगेत एक माणूस तोंडावर मफलर गुंडाळून बसला होता. मफलर काढला तर डोळे कफनीहून पिवळे. देवळाचा नळही खालच्या आळीच्याच पाइपलाइनवरचा, आणि महिनाभर त्याचं पाणी त्यानेही प्यायलं होतं. मॅडमनी त्याला नीट तपासलं, काय खायचं, किती विश्रांती घ्यायची ते सांगितलं. मी म्हटलं, "महाराज, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांत बरे व्हाल. फक्त हात धूत जा. साबणाने."

तो उठला. बाहेरच्या नळावर जाऊन त्याने हात धुतले. मी खिडकीतून पाहिलं. पाणी नितळच होतं.

आरती पुण्याला तीन आठवडे होती. त्यातले चार दिवस डॉक्टरांनी काहीच खात्री दिली नव्हती. दवाखान्याच्या नावाला घाबरणारी ठमाआत्या त्या चार दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यातून हलली नाही. मुलगी लवकर झाली. छोटीशी, पण आवाज आजीवर गेलेला. नाव ठेवलं संस्कृती.

बारशाला पुरणपोळी होती. मी स्वयंपाकघरात गेले तर ठमाआत्या बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, आणि पोळपाटापुढे आरती. हातात लाटणं. तेच, सागवानी, मधे झिजलेलं.

"कड जाड ऱ्हायली गं," ठमाआत्या म्हणाली. "हलक्या हातानं फिरीव. ते काय दगडाचं हाय?"

आरतीने माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. डोळा पांढराशुभ्र.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच. महाराज एक गेला, दुसरा येईल. त्याचा रंग वेगळा असेल, गुरुवारऐवजी शनिवार असेल. तेव्हा भक्ती ठेवा हो मारुतीवर, तो काही मागत नाही. पण कोणी परातीत चमत्कार दाखवला, तर आधी एक साधी गोष्ट करा: जिला रोग होऊच शकत नाही अशी एखादी वस्तू त्याच्यापुढे धरा, आणि काय होतं ते बघा. त्याला डॉक्टरकी लागत नाही. घरातलं लाटणं पुरतं.